विद्यापीठाच्या वेशीबाहेरचा विषय

1925 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. संततिनियमनाचा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच कॉलेजने घातला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. मराठीत ही हकिगत एका निर्भय माणसाच्या छळाची कथा म्हणून सांगितली जाते. ती आपल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासाचाही भाग आहे, आणि त्या अंगाने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. हे कॉलेज ज्यांच्या नावाने चालते त्या मिशनरी जॉन विल्सन यांनी 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांशी हिंदू आणि ख्रिस्ती धर्मांवर जाहीर वाद केला होता, पारशी धर्मावर ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. धर्माची चिकित्सा या परंपरेला मुळीच परकी नव्हती. मग अडले कुठे? कर्वे वर्गात गणितच शिकवत होते. कामशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी मागितला नव्हता, म्हणून विद्यापीठाने तो नाकारला असे म्हणता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने गोष्ट अधिकच गंभीर होते. कॉलेजची हरकत वर्गातल्या शिकवण्याला नव्हती. वर्गाबाहेर प्राध्यापकाने काय बोलावे, इथपर्यंत ती पोचली होती.

लैंगिक जीवन हा विषयच त्या काळी विद्वत्तेला वर्ज्य होता, हे समाधान पुराव्यापुढे टिकत नाही. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 मध्ये निघाला, पाचवा 1962 मध्ये. विवाहाचे प्रकार, नियोग, विधवेचे हक्क, व्यभिचाराची प्रायश्चित्ते, सारे त्यात तपशिलाने आहे. काणे कुलगुरू झाले, भारतरत्न झाले. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख गो. स. घुर्ये यांनी 1938 मध्ये मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या कामजीवनाची पाहणी प्रसिद्ध केली. घुर्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे, म्हणजे र. धों.च्या सावत्र भावाची पत्नी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतभरची नातेव्यवस्था अभ्यासत होत्या. कोण कोणाशी लग्न करू शकते आणि कोणाशी नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभाच होता. या तिघांच्या कामावर खटला झाला नाही. तिघांचे हे लेखन इंग्रजीत होते, आणि त्यातली माणसे नेहमी तिसऱ्या पुरुषी होती: स्मृतिकार, पाहणीतले लोक, दक्षिणेतली कुळे.

कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीत होते आणि ते थेट वाचकाशी बोलत होते. 1931 मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. 1934 चा खटला मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा शंका लोक विचारत होते आणि कर्वे त्यांना समजुतीची, शास्त्रीय उत्तरे देत होते. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. सीमा विषयाभोवती नव्हतीच, असे मला यावरून वाटते. ती ऐकणाऱ्याभोवती होती: दुसऱ्याच्या चालीरीतीचे ज्ञान चालेल, विचारणाऱ्याच्या स्वतःच्या देहाविषयीचे चालणार नाही.

हे केवळ मराठी सोवळेपण होते, असेही नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्सी यांनी 1938 मध्ये विवाहविषयक अभ्यासक्रम सुरू केला. स्थानिक धर्मोपदेशकांच्या तक्रारी आल्या, आणि 1940 मध्ये अभ्यासक्रम किंवा कामजीवनाविषयीच्या मुलाखतींचे संशोधन यांपैकी एक निवडण्याची वेळ त्यांच्यावर आली. संशोधन राहिले, शिकवणे गेले. आकडे गोळा करायला विद्यापीठ तयार होते. समोरच्या विद्यार्थ्याला सांगायला मात्र नव्हते.

कोणी म्हणेल, बरेच झाले. परीक्षा आणि पाठ्यपुस्तकांच्या चौकटीत कर्व्यांचा मोकळेपणा मेलाच असता. ही भीती खरी आहे आणि मासिकाचे स्वातंत्र्य मोलाचेच होते. पण मासिकाला शिष्य लाभत नाहीत, ग्रंथालय लाभत नाही, धन्याच्या पश्चात चालण्याची सोय लाभत नाही. ऑक्टोबर 1953 मध्ये कर्वे वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले. त्याच वर्षी इरावतीबाईंचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्या पिढ्यांच्या समाजशास्त्राच्या वर्गात वाचला गेला. र. धों.च्या वडिलांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र निघाले ते 1974 साली. तोवर ‘समाजस्वास्थ्य’च्या सत्तावीस वर्षांत जमलेल्या वाचकांच्या त्या शंकांना मराठी मुलखातल्या एकाही विद्यापीठाने आपल्या विषयांच्या यादीत जागा दिल्याचे दिसत नाही.