किती, कधी, काय खावे: तालमीतल्या नवशिक्याचा इतिहास

व्यायामाला नव्याने लागणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. पहिल्या दिवशी किती करावे, सकाळी करावे की संध्याकाळी, अंग दुखले तर थांबावे का, खावे काय, आणि फरक दिसायला किती दिवस लागतील? महाराष्ट्रात या प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ तालमीत मिळत असत आणि ती वस्ताद देत असे. पुढे ती पुस्तकांतून, मग शाळेच्या मैदानावरून मिळू लागली. या प्रवासात व्यायाम तालमीबाहेरच्या असंख्य लोकांपर्यंत पोचला, ही मोठी मिळकत. पण समोरच्या माणसाचे अंग पाहून उत्तर देण्याची वस्तादाची रीत मागे पडली, आणि तो तोटाही लहान नाही.

‘किती’ या प्रश्नाचे सर्वात जुने उत्तर आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीइतका करावा असे सांगितले आहे आणि अर्धी शक्ती संपल्याची खूणही दिली आहे: कपाळ, नाक आणि सांधे यांवर घाम येऊ लागतो, तोंडाला कोरड पडते, श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो. वय, बळ, शरीराची ठेवण, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम ठरवावा, असेही तो बजावतो. चरकाने अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगितले आहेत. तहान, क्षय, खोकला, ताप, उलटी अशी ती यादी आहे. या उत्तरात आकडा कुठेच नाही. मोजमाप ज्याच्या त्याच्या शरीरावर सोपवलेले आहे, आणि हीच या सल्ल्याची खरी ताकद आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांचे वर्णन त्यात येते. वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम असे प्रकार तिथे नोंदले आहेत. मल्लखांबाचा सर्वात जुना उल्लेख म्हणून अभ्यासक स्तंभश्रमाकडेच बोट दाखवतात. एकाच मल्लाकडून चालणे, पोहणे आणि वजन उचलणे ही तिन्ही कामे करून घेण्याची ही पद्धत आजच्या प्रशिक्षकालाही पटेल.

मराठेशाहीत तालमींना लष्करी कारण होते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णाखोऱ्यात स्थापलेले अकरा मारुती बलोपासनेशी जोडले गेले, आणि तालीम तिथे मारुती हे समीकरण महाराष्ट्रात पक्के झाले. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. निजामाच्या पहिलवानांचे आव्हान स्वीकारताना त्यांना सप्तशृंगीच्या डोंगरावर या विद्येचा दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. 1818 नंतर पेशवा ब्रह्मावर्ताला गेला आणि त्याच्या लोकांबरोबर मल्लखांबही गंगाकाठी पोचला.

तालमीची इमारत बाहेरून साधी असे. दार ठेंगणे; आत शिरताना प्रत्येकाला मान वाकवावी लागे. खिडक्या लहान आणि थोड्या, कारण घामेजल्या अंगाला वारा लागू नये असा कटाक्ष होता. आत शेंदूर लावलेला मारुती, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, करेला, लेझीम, आणि मधोमध हौदा. हौद्यातली लाल माती चाळून घेतलेली असे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळत. कुस्तीत खरचटलेल्या कातडीला त्रास होऊ नये आणि माती मऊ, चिकटसर राहावी, असा त्यामागचा अनुभव होता.

नव्या पोराला वस्ताद लगेच कुस्तीला उभे करत नसे. आधी लंगोट कसायला शिकवी, मग खोरे हातात देई. हौदा उकरणे ही तालमीतली पहिली मेहनत होती. पाठ, खांदे, दंड, मांड्या आणि दम या सगळ्यांचा कस एका खोऱ्याने लागतो, आणि पोर कुठे दमते, कोणती बाजू उणी पडते, हे वस्तादाला कोपऱ्यात बसून दिसते. त्यानंतर जोर आणि बैठका. जोर काढताना तळहात आणि चवडे जमिनीवर टेकून कंबर उंच घ्यायची, छाती दोन हातांच्या मधून जमिनीलगत पुढे काढायची, मान वर करायची आणि त्याच वाटेने मागे यायचे. नवशिक्याची कंबर मध्येच ढिली पडते किंवा कोपरे बाहेर फाकतात. तसे झाले की मोजणी तिथेच थांबे. थोडे पण नेटके जोर, आणि रोज एक-दोनाची भर, हा क्रम. हजार जोर आणि हजार बैठकांच्या ज्या गोष्टी पहिलवानांबद्दल सांगितल्या जातात, त्यांच्यामागे अशा छोट्या भरतीची वर्षानुवर्षे असत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराला जिना उतरता येत नसे. मांड्या भरून येत, हात डोक्यावर जात नसे. बहुतेक पोरे याच टप्प्यावर तालीम सोडतात, हे वस्तादाला ठाऊक असे. म्हणून अंग दुखते म्हणून घरी बसू न देता तो पोराला बोलावून घेई, हलक्या हाताने मालिश करवी आणि त्याच बैठका थोड्या मारायला लावी. आधुनिक शरीरशास्त्र या रिवाजाला बऱ्याच अंशी दुजोरा देते. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे साधारणपणे 24 ते 72 तासांत सर्वाधिक असते आणि मग ओसरते. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर दुखणे बरेच कमी होते, कारण स्नायू पहिल्याच खेपेला स्वतःला सावरायला शिकतो. हलक्या हालचालीने तात्पुरता आरामही पडतो. उलट, पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्या तर स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडून त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडाला धोका पोचतो. असे रुग्ण आजही डॉक्टरांकडे येतात. मोजणी थांबवणारा वस्ताद पोराला याच संकटापासून वाचवत होता.

खुराकाचा विचार करताना कोल्हापूरकडे पाहावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी 1894 मध्ये कारभार हाती घेतल्यावर कुस्तीला जो आश्रय दिला, त्याला भारतात क्वचितच तोड सापडेल. मल्लांच्या खुराकाचा खर्च दरबार उचले, उत्तरेतले नामांकित पहिलवान कोल्हापुरात येऊन राहत, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. 1902 च्या युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान बांधून घेतले. 1912 मध्ये ते खुले झाले. मध्यभागी हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे. शेवटच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. शहराची चवही या आश्रयाने घडवली. बदाम आणि खसखस वाटून केलेली थंडाई, तूप, आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दिलेले दूध ही सगळी मूळची पहिलवानी गरज होती.

या खुराकाबद्दल नवशिक्यांचा एक गैरसमज तेव्हापासून चालत आला आहे. शेर-दोन शेर दूध आणि ओंजळभर बदाम रिचवणारा मल्ल पहाटे आणि संध्याकाळी दोन वेळा मेहनत करत होता. त्याची भूक त्या मेहनतीतून आलेली होती. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की तोच पहिलवान चाळिशीत बेढब होई. खुराक मेहनतीच्या मागून वाढवायचा असतो. तालमीबाहेर हा नियम लोकांनी उलटा लावला, आणि दूध-बदाम हेच बळाचे मूळ समजले गेले.

तालीम सर्वांना सारखी खुली नव्हती. जातीच्या भिंती बऱ्याच ठिकाणी होत्या, आणि स्त्रियांना तर प्रवेशच नव्हता. म्हणूनच पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवणाऱ्या लहुजी वस्ताद साळवे यांचे नाव या इतिहासात मोठे आहे. मातंग समाजातल्या या वस्तादाकडे निरनिराळ्या जातींची मुले येत. जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी लहुजींकडे शिकले, आणि वासुदेव बळवंत फडके यांचीही तयारी तिथेच झाली. सुशिक्षितांमध्ये व्यायामाची ओढ पुढे वाढत गेली. बाळ गंगाधर टिळक 1873 मध्ये डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि त्या वर्षीच्या परीक्षेवर पाणी सोडले. किती दिवसांत फरक दिसतो या प्रश्नाला टिळकांनी वर्षभर मुदत दिली होती, ही गोष्ट महिन्याभरात आरशासमोर उभ्या राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

विसाव्या शतकाच्या तोंडावर युरोपातून नामांकित शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो याचे नाव आले. 1904-05 मध्ये तो भारताच्या दौऱ्यावर आला होता. त्याचे डंबेल्स आणि पुस्तके त्याआधीच इथे पोचली होती. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी काही वर्षे निष्ठेने सँडोची पद्धत केली. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि उरलेले आयुष्य त्याच्या प्रसाराला दिले. साधन नको, जोडीदार नको, हौदा नको. अंगणात किंवा माजघरात हातभर जागा पुरे. औंधच्या शाळांत मुले आणि मुली दोघेही नमस्कार घालू लागली. 1938 मध्ये लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने ही पद्धत परदेशातही नेली. स्त्रियांनी व्यायाम करावा का, हा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला जात होता. पंतप्रतिनिधींनी स्वतःच्या घरातल्या स्त्रियांना नमस्कार घालायला लावून त्याचे उत्तर दिले. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाच्या प्रकृतीसाठी एका संस्थानिकाने केलेले हे सर्वात टिकाऊ काम म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास वस्तादाची जागा संस्था घेऊ लागल्या. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची धुरा वाहणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांनी एका आज्ञेवर शेकडो मुलांकडून व्यायाम करवून घेण्याची शिस्त बसवली. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. आजच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे ते मूळ. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 चे. माणिकरावांकडे तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड हे या पर्वाचे शिखर आहे. वस्तादांच्या तोंडी असलेली विद्या त्यांनी चित्रांसह कागदावर उतरवली.

संघव्यायामाला मात्र एक मर्यादा होती. शंभर मुलांसाठी शिट्टी एकच आणि मोजणीही एकच. काटक पोराला ती कमी पडे, अशक्त पोराला जड जाई. व्यायामाचा कंटाळा पुष्कळांच्या मनात शाळेच्या मैदानावरच रुजला आणि तो आयुष्यभर टिकला. त्यात शिक्षकांचा दोष थोडा. एकट्याने शंभर अंगे पाहणे कोणालाही शक्य नव्हते. दुसरीकडे, तालमीने वाढवलेला मल्ल काय करू शकतो, हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी दाखवले. लंडनला 1948 मध्ये ते सहावे आले, आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

आज गावोगावी जिम आहेत, तालमींतही मातीशेजारी मॅट आली आहे. नवशिक्याचे प्रश्न तेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम करावे, आणि सुरुवात थोड्याने करून हळूहळू वाढवावे. घाम फुटतो, श्वास वाढतो, पण बोलता येते, ही मध्यम श्रमाची नेहमी सांगितली जाणारी खूण सुश्रुताच्या अर्ध्या शक्तीच्या अलीकडेच थांबते. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि बरीच वर्षे बैठे काम केलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी जवळपास जाणता वस्ताद किंवा प्रशिक्षक असेल तर पहिले काही आठवडे त्याच्या नजरेखाली काढावेत आणि तो थांब म्हणेल तिथे थांबावे.