मासळी निवडली बायकांनी, काजी झाले पुरुष

दावीद राहाबीची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. परमुलखातून आलेला हा विद्वान गृहस्थ कोकणात आपल्या लोकांत येऊन राहिला. हे लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात, मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात, 'शमा' म्हणतात, हे पाहून ही इस्राएलाचीच मंडळी असावी असे त्याच्या मनाने घेतले. खात्री करून घेण्यासाठी त्याने सर्व तऱ्हेची मासळी आणवली आणि घरातल्या बायकांपुढे रांधायला ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली आणि उरलेली 'ही आमच्यात खात नाहीत' म्हणून बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली.

मासळी कोणती होती ते गोष्टीत सांगितलेले नाही. आम्ही आपल्या कल्पनेने रावस आणि बोय एका सुपात घालतो, मुशी, शिंगाळा आणि चिंबोऱ्या दुसऱ्या सुपात. राहाबी केव्हा आला याविषयीही मतभेद आहेत. आपल्या जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे या गोष्टीला नऊशे-हजार वर्षे झाली. इतिहासकार मात्र अठराव्या शतकातल्या कोचीनच्या दावीद एझिकेल राहाबीकडे बोट दाखवतात, जो डच कंपनीच्या नोकरीत होता. तो वाद आज आम्हाला करायचा नाही. गोष्ट पुढे कशी जाते ते पाहा.

परीक्षा झाली ती बायकांची. त्यांनी व्याख्यान दिले नाही, वचन म्हणून दाखवले नाही, हातांनी मासळी निवडली आणि एक वाक्य बोलल्या. त्यानंतर राहाबीने शिकवण्यासाठी माणसे निवडली ती झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतली. तिघेही पुरुष. त्यांना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवले, आणि तेच आपले पहिले काजी म्हणवले गेले. पुढे काजीपण त्या घराण्यांत वंशपरंपरेने चालले. गावोगाव फिरून लग्न लावणे, सुंता करणे, तंटे मिटवणे हे त्यांचे काम. मासळी निवडणाऱ्या बायकांचे काय झाले, त्यांची नावे काय होती, हे कोणी लिहून ठेवले नाही.

हे आम्ही गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. त्या काळी कोणत्या समाजात याहून वेगळे झाले असते? पण आपल्या समाजात पुरुषांची भाषा एक आणि बायकांची भाषा दुसरी, असे जे पुढे दिसत राहिले त्याचा उगम आम्हाला या गोष्टीत दिसतो. दोघेही मराठीच बोलत. परंतु पुरुषांचे महत्त्वाचे बोलणे चारचौघांत, मशिदीत (आपले वाडवडील प्रार्थनालयाला मशीदच म्हणत), मुकादमापुढे आणि कागदावर होई. बायकांचे महत्त्वाचे बोलणे चुलीपाशी, जात्यावर, पाळण्याशी आणि बाळंतिणीच्या खोलीत होई. एकाची आठवण लेखी, दुसरीची तोंडी.

आपल्या सणांची जुनी नावेच घ्या. हिब्रू नावे पक्की होण्यापूर्वी कोकणात रोश हाशाना म्हणजे 'नव्याचा सण', किप्पूर म्हणजे 'दारफळणीचा सण', पेसाह म्हणजे 'अनाशी ढाकण्याचा सण'. तिश्री महिन्यातच 'खिरीचा सण' येई. तिशा बेआवच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण आदल्या संध्याकाळी वालाचे बिरडे खायचे. हायीम सामुएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेल्या आपल्या इतिहासात ही नावे जपली गेली आहेत. आता नीट ऐका. खीर, बिरडे, आंबट रसाचे झाकून ठेवलेले मडके, लावून घेतलेले दार. यात मिसर देशातून सुटका नाही, मंदिराचा विध्वंस नाही, न्यायाचा दिवस नाही. ही घरातून ठेवलेली नावे आहेत. ती बायकांनीच ठेवली असा पुरावा आमच्यापाशी नाही, पण ज्याने कधी मडक्यावर झाकण ठेवले नाही त्याला सणाचे असे नाव सुचेल, हे आम्हाला पटत नाही. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, पंचांग नव्हते, तरी सण राहिले. केहीमकरांनी ही माहिती कोणाकोणाला विचारून जमवली असेल? आमचा तर्क असा की, माजघरातही त्यांनी बराच वेळ घालवला असावा.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही भाषांतले अंतर वाढले. आपले पुरुष कंपनी सरकारच्या पलटणीत गेले. सामुएल एझिकेल दिवेकर, ज्यांनी १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली, तेही पलटणीतलेच. पलटणीत हिंदुस्थानी बोलावी लागे, पुढे कचेरीत, पोस्टात आणि रेल्वेत इंग्रजी. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यानंतर आपल्या तरुणांच्या हाती हिब्रूही आली. म्हणजे एका पुरुषाच्या तोंडी चार भाषा. त्याची बायको गावी, नाहीतर चाळीत, मराठीच्या एकाच भाषेत सगळा संसार आणि सगळा धर्म चालवीत होती. १८७४ मध्ये पुण्यास छापलेल्या सचित्र हग्गादात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. हिब्रू मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर पुरुषांचे, चित्रातली मेहनत बायकांची.

कीर्तनाची कथा मात्र वेगळी आहे, आणि आम्हाला ती फार आवडते. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या काही मंडळींनी हिंदू कीर्तनाचा थाट घेऊन आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव त्यात अग्रभागी येते. उभे राहून बोलणारा पुरुष, पदे रचणारा पुरुष, पुस्तक छापणारा पुरुष. बायका समोर बसून ऐकत. मशिदीतल्या हिब्रू प्रार्थनेपेक्षा हे वेगळे होते, कारण इथे शब्दन् शब्द कळत होता. कळलेले पद घरी गेले. जात्यावर, पाळण्यापाशी, मेंदीच्या रात्री ते म्हटले जाऊ लागले, आणि पुढे वह्यांत उतरले. कीर्तनकार मागे पडले, छापील पुस्तके वाळवीने खाल्ली, पण त्या वह्या मायबहिणींनी पेटीत घालून इस्राएलला आणल्या. इथे कीर्तन जगवले ते मुख्यतः स्त्रियांनी. पुरुषांनी सुरू केलेले बोलणे बायकांनी पुरे केले, असे आपल्या इतिहासात हे एक ठळक उदाहरण.

मुंबईत १९१३ मध्ये स्त्रीमंडळ निघाले. बायका सभेत उठून बोलू लागल्या, हिशेब लिहू लागल्या. डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या विदुषी कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदी पोहोचल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. तरी घरातली रीत फारशी बदलली नाही. आमच्या आजीने आजोबांचे नाव उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. 'अहो', 'इकडून', फार झाले तर मुलाच्या नावाने 'शालोमचे बाबा'. आजोबा तिला 'अगं' म्हणत, किंवा नुसतेच खाकरत. खाकरण्याचे तीन-चार प्रकार होते आणि आजीला प्रत्येकाचा अर्थ ठाऊक होता.

मग अलिया झाली. मुंबईला उरलेल्या नातेवाइकांशी जी हवाईपत्रे जात-येत त्यांतली काही आमच्या घरी आहेत. निळ्या कागदाचा मोठा भाग पुरुषाच्या अक्षरात: शालोम वि. वि., पगार इतका, घराचा हप्ता इतका, अमुक कारखान्यात जागा आहे, कागदपत्रे लवकर पाठवा. चिकटवण्याच्या घडीवर, जिथे जेमतेम बोटभर जागा उरते, तिथे आईचे अक्षर: इथे नारळ मिळत नाही, थोरलीला दिवस गेले आहेत, येताना कोकम आणि पाटा-वरवंटा आणा, विमानात नेऊ देत नाहीत म्हणतात पण आणा. वडिलांची पत्रे वाचून दिमोनात आपण कसे जगलो ते कळत नाही. घडीवरच्या त्या चार ओळींनी कळते.

हिब्रूने आणखी एक गंमत केली. मराठीत 'तू' बाईलाही आणि बुवालाही, पण मान द्यायचा तर 'तुम्ही', 'आपण' आहेत. हिब्रूत 'तुम्ही' म्हणून मान देण्याची सोयच नाही. उलट बाईला 'अत्त' आणि पुरुषाला 'अता', तिथे मात्र घोटाळा चालत नाही. सासऱ्यांना 'अता' म्हणताना पहिल्या पिढीच्या सुना अडखळत. आमच्या ओळखीची एक बाई तर सासऱ्यांशी हिब्रूत बोलायची वेळ आली की वाक्याच्या शेवटी मराठी 'हो' जोडून मान पुरा करी. मी 'जातो' आणि मी 'जाते' हा फरक आपल्याला नवा नव्हता, 'होलेख' आणि 'होलेखेत' तसेच. तरी उल्पानमध्ये शिक्षिकेचे ऐकून आपले काही काका स्वतःविषयी महिनाभर स्त्रीलिंगात बोलत होते, आणि कारखान्यात मुकादमाकडून हिब्रू उचललेल्या काही मावश्या पुल्लिंगात. नवऱ्याला 'बाअल' म्हणायचे हे ऐकून मात्र कोणाला नवल वाटले नाही. बाअल म्हणजे धनी, मालक. आपल्याकडे तरी दुसरे काय म्हणत होते? 'ईश', म्हणजे माणूस, हा दुसरा शब्दही हिब्रूत आहे, आणि होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात दोन्ही शब्द समोरासमोर ठेवून दुसऱ्याला पसंती दिली आहे. आमच्या नाती हल्ली तोच वापरताना ऐकू येतात. त्यांनी होशेय वाचला असेल असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने आपल्याशी विवाहसंबंध होऊ शकतात असे ठरवले, परंतु १९६२ च्या आरंभी जे नियम काढले त्यांत लग्न नोंदवणाऱ्या रब्बीने आपल्या मुलामुलींच्या आईची, आईच्या आईची, आणि मागे जाता येईल तितकी चौकशी करावी असे सांगितले. आपल्या समाजाला हा अपमान वाटला आणि तो होताच. लढा झाला, १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे झाले, बायका मुले घेऊन बसल्या, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतीत यहुदीच आहोत असे स्पष्ट केले. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यात सभा, निवेदने, पुढारी आणि ठराव सर्व आहेत.

एक गोष्ट मात्र फारशी लिहिलेली नाही. चौकशी आईच्या बाजूची होती, आणि आपले सगळे कागद बापाच्या बाजूचे होते. आडनाव बापाच्या गावाचे: दिवेचा तो दिवेकर, केहीमचा तो केहीमकर. केतुब्यात वधूचे नाव तिच्या बापाच्या नावाने. पलटणीच्या दाखल्यात बापाचे नाव. आमच्या घरात एका लग्नाच्या वेळी वडिलांनी ट्रंक उपडी केली, पेन्शनची पुस्तके, मशिदीच्या पावत्या, आजोबांचे प्रशस्तिपत्रक, सगळे टेबलावर मांडले. आईची आई, तिची आई, यांचे एक अक्षर त्यात नव्हते. वडील फार मोठ्याने बोलत होते. आजी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. तिने तिथूनच विचारले, 'काय हवंय त्यांना?' वडिलांनी सांगितले.

आजी म्हणाली, 'एवढंच? लिही.' आणि तांदळातून मान वर न करता सांगू लागली. तिची आई नवगावची, तिचे माहेर झिराडला. तिची आई पेणची, लग्नात हळदीला पाऊस आला होता. तिची आई रेवदंड्याची, तिला सात मुलगे झाले आणि तीन जगले. अशी ती मागे मागे जात राहिली, प्रत्येकीचे नाव, माहेर, कोणत्या काजीने लग्न लावले, कोण कोणाची मावसबहीण. लिहायला कागद सापडेना म्हणून आम्ही विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिले. आठ बायका झाल्या. नोंदणीच्या कचेरीत तो कागद कोणी मागितला नाही, कारण तिथे शिक्क्याचा कागद चालत होता.

ते बिल आमच्याजवळ अजून आहे. आठव्या नावाच्या खाली आजीने नववीही सांगितली होती. तिचे नाव आजीला आठवले नाही. 'अलिबागकडची होती,' ती म्हणाली, 'आणि तिला मुशीचा वास सहन होत नसे.' आम्ही तेही लिहून ठेवले आहे.