पाठमोरा वादक

मंडळी, भंडारा जिल्ह्यात रागदारीचा श्रोता शोधायचा तर दिवाळीनंतर साकोली, लाखांदूरकडे चला. धान निघालं, शंकरपट भरला की रात्री नाटक. ही झाडीपट्टीची रंगभूमी. पडदा पडायला पहाट होते.

हिच्या संगीताची नाळ जुनी आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं आणि दरबारातला राग तिकीट काढून आलेल्या माणसापर्यंत पोचला. पुढे गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. केवढी माणसं! पण ‘वन्स मोअर’ आला की पद तेच, तान मात्र नवी. ती निघायच्या आत ओळखायची, हे त्यांचं काम.

आता गंमत बघा. संगीत नाटकात ऑर्गन-तबलेवाले रंगमंचापुढे बसतात, तोंड नटाकडे, पाठ लोकांकडे. ज्यांच्यासाठी वाजवायचं ते दिसतच नाहीत! मग त्यांना ओळखायचं कसं? कानानं. मागे चुळबुळ वाढली, पोरं रडू लागली, की आलाप आवरायचा. सगळं चिडीचूप झालं, की नटाला आणखी एक आवर्तन द्यायचं. मैफलीतल्या कित्येक साथीदारांना हे जमत नाही, असं माझं मत.

हंगाम सरला की पोटाची सोय दुसरीकडे बघायची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचं काय, हा प्रश्न ऑर्गनवाल्याच्या घरातही होता. २०२३ मध्ये न्यायालयाने शर्यतींचा राज्याचा कायदा मान्य केला. ऑर्गनशेजारी तोवर ऑक्टोपॅड येऊन बसला होता.