घडविणाराचें नांव

कुंचल्यानें केली ती कला आणि सुईनें केलें तें कसब, हा भेद आमच्या सुशिक्षित घरांतही मुरलेला आहे. म्हणून याच भेदाशीं इंग्लंडांतील हस्तकलावंतांनीं दिलेली झुंज आम्हांस मननीय वाटते. लंडन येथें १७६८ मध्यें स्थापन झालेल्या रॉयल अॅकॅडमीनें चित्र, शिल्प व वास्तु यांना मान दिला. भरतकामास मात्र तिच्या प्रदर्शनाचें दार बंद राहिलें. अखेर १८८७ मध्यें 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी' निघाली. वॉल्टर क्रेन हे तिचे पहिले अध्यक्ष. १८८८ मध्यें रीजंट स्ट्रीटवरील न्यू गॅलरींत तिचें पहिलें प्रदर्शन भरलें. तेथें आराखडा करणाराबरोबर वस्तु प्रत्यक्ष घडविणाराचेंही नांव देण्याचा आग्रह धरला गेला. आरंभीं विल्यम मॉरिस यांनाही या उपक्रमाच्या यशाविषयीं शंका होती. पुढें तेच अध्यक्ष झाले. १९१६ मध्यें तर या सोसायटीचें प्रदर्शन अॅकॅडमीच्याच दालनांत भरलें! हक्काची जागा स्वतः उभारल्यावरच जुनें दार उघडलें. आमच्या घरची पैठणी कोणत्या दुकानची, हें आम्ही अभिमानानें सांगतों. ती विणणाराचें नांव आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक असतें?