पाय आवळणारी गाडी

लहानपणी गोंदियात आमच्या घराजवळच्या एका राईस मिलच्या आवारात एक स्टँडर्ड हेराल्ड उभी असायची. एका बाजूला धानाच्या पोत्यांच्या थप्प्या, दुसरीकडे कोंड्याचा ढीग आणि मध्ये ही निळी गाडी. मागच्या सीटवर चार माणसं कोंबली की हिची मागची चाकं खालून बाहेर फाकायची. आणि पंक्चर काढायला जॅकवर चढवली की तीच चाकं खालून आत वळायची, थंडीत पाय आवळून बसलेल्या पोरासारखी! एकदा मी मिस्त्रींना विचारलं, "काका, आस तुटली का हिची?" ते म्हणाले, "तुटली नाही जी, हिची चालच तशी आहे."

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या शनिवारी आलेला मित्राचा फोन. त्याने एका गोदामात धूळ खात पडलेली हेराल्ड विकत घेतली आहे. त्याचा प्रश्न असा, "मागचं सगळं काढून जीपसारखा सरळ अ‍ॅक्सल टाकू का? पोरगी मागे बसणार आहे रे." पोरगी आठ वर्षांची. म्हटलं, एक वीकेंड दे, मग सांगतो. तर हा लेख म्हणजे ते उत्तर. जरा लांबलंय, पण इलाज नाही.

आधी आपली बैलगाडी आठवा. दोन चाकं, मध्ये एकच आस. एक चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी कलते, पण दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच राहतात. अ‍ॅम्बेसेडर, फियाट, जीप या सगळ्यांचा मागचा अ‍ॅक्सल तत्त्वतः हाच. फक्त मध्ये डिफरन्शियलचं हाउसिंग आणि दोन बाजूंना कमान-पाटे.

हेराल्ड वेगळी. इंग्लंडात ट्रायम्फने ती १९५९ मध्ये आणली. रूप इटलीच्या मिकेलोटीचं, इंजिनिअरिंग हॅरी वेबस्टरच्या हाताखालचं. यात डिफरन्शियल चॅसीला घट्ट बसवलेलं आणि त्याच्या डोक्यावर एकच आडवी कमान, या चाकापासून त्या चाकापर्यंत. दोन्ही बाजूंना अर्धे अ‍ॅक्सल, प्रत्येकाच्या आतल्या टोकाला एक क्रॉस. म्हणजे दाराच्या बिजागरीसारखं प्रत्येक चाक आपापलं वरखाली झुलणार. याला म्हणतात स्विंग अ‍ॅक्सल. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता नाही. कागदावर झकास!

पण बग कागदावर दिसत नाही, प्रॉडक्शनमध्ये दिसतो. बिजागरी आत असल्यामुळे चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलतो. आता जोरात वळण घ्या आणि घाबरून मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. वजन पुढे जातं, मागचा भाग उचलला जातो. त्यात टायरवर बाजूने येणारा जोर अर्ध्या अ‍ॅक्सलमधून गाडीला आणखी वर ढकलतो. बाहेरचं चाक पाय आवळतं, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड सुटते. मागची बाजू गर्रकन फिरते, फार वाईट वेळ असेल तर गाडी उलटते. वेग सोडणं ही माणसाची साधी प्रतिक्रिया आणि नेमकी तीच इथे घात करते.

१९६२ मध्ये ट्रायम्फने हेराल्डच्याच सांगाड्यावर स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. मागची रचना तीच, पण वेग जास्त आणि चालवणारे तरुण. म्हणजे पोरांच्या हाती कोलीत! तिकडे अमेरिकेत शेवरोलेच्या कॉर्व्हेअरमध्येही स्विंग अ‍ॅक्सल होता. १९६५ मध्ये राल्फ नेडरने आपल्या गाजलेल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण त्या गाडीवर लिहिलं. तोवर कंपनीने १९६४ च्या मॉडेलला एक आडवी कमान जोडली होती आणि १९६५ च्या मॉडेलमध्ये मागची रचनाच बदलली होती. पण रस्त्यावर आधीच उतरलेल्या गाड्यांचं काय? सॉफ्टवेअरसारखा रात्रीतून पॅच पाठवता येत नाही ना.

ट्रायम्फने दोन इलाज केले. पहिला महागडा. १९६८ च्या जीटी६ मार्क २ मध्ये चाकाला खालून आणखी एक बाहू दिला, म्हणजे चाकाचा कल काबूत राहील. अ‍ॅक्सलच्या मध्ये रबराची मोठी कडी टाकली. गाडी सुधारली, पण रबर चिरलं की ते बदलणं म्हणजे मिस्त्रीची अख्खी दुपार.

दुसरा इलाज स्वस्त आणि मला विचाराल तर जास्त हुशार. १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये त्यांनी कमान बदलली. आधी सगळे पाटे मध्यभागी डिफरन्शियलवर घट्ट आवळलेले असायचे. आता बहुतेक पाटे तिथे झुलते ठेवले. खड्ड्यात कमान पूर्वीसारखीच काम करते, पण वळणावर गाडी कलली की ती मध्यावर झुलते आणि मागून होणारा विरोध कमी होतो. चाक आत वळण्याची खोड बरीच सुटते. तो विरोध भरून काढायला पुढचा अँटी-रोल बार जाड केला. गंमत म्हणजे १९७३ मध्ये महागडी रचना असलेली जीटी६ सुद्धा याच झुलत्या कमानीवर परत आली. स्पिटफायर १९८० मध्ये बंद होईपर्यंत ती टिकली.

आता आपल्याकडे या. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून हेराल्ड बनवली. पुढे खास भारतासाठी चार दारांची काढली. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिचा पुढचा अवतार आणला, गझेल. इंजिन तेच ९४८ सीसी. मागचा स्विंग अ‍ॅक्सल मात्र काढून टाकला आणि सरळ, अखंड अ‍ॅक्सल बसवला. १९७७ पर्यंत गझेल थोड्याच संख्येने निघाली.

हेराल्डप्रेमी मंडळी याला अधोगती म्हणतात. जग स्वतंत्र सस्पेन्शनकडे चाललेलं आणि आपण बैलगाडीकडे! मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. पण तो काळ बघा. १९६९ पासून मोटारींच्या किमती सरकारी आदेशाने ठरत होत्या, भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. स्विंग अ‍ॅक्सल बनवायला महाग. आणि देवरी-आमगावच्या वाटेवर मोडलाच तर दुरुस्त कोण करणार? सरळ अ‍ॅक्सल देशातल्या प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून गेलेला. आमच्या भाषेत याला रोलबॅक म्हणतात आणि चांगल्या टीमला त्याची लाज वाटत नाही. आराम थोडा गेला, पण वळणावर चाक आत वळण्याचा प्रकारच संपला. बचतीसाठी केलं असेल, तरी पदरात सुरक्षितता पडली.

मग मित्राने काय करावं? गझेलचा निर्णय कारखान्यात झाला होता. मोजमाप घेऊन, चॅसीला जागच्या जागी आधार देऊन. तोच प्रकार गल्लीतल्या गॅरेजात पन्नास वर्षांच्या गंजक्या चॅसीवर ब्रॅकेट वेल्ड करून करायचा, म्हणजे माहीत असलेला धोका काढून माहीत नसलेला बसवायचा. त्यापेक्षा स्पिटफायरची झुलती कमान आणि जाड अँटी-रोल बार हेराल्डवर बसतात, जगभरातले हौशी लोक बसवतात. त्याआधी क्रॉस, बेअरिंग आणि चॅसीचा गंज तपासायचा. मागे सीटबेल्ट लावायचे. आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही.

काल रात्री हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे गाडीबरोबर मलाही मॉडिफाय व्हावं लागणार!" अगदी बरोबर. कमानीची शोधाशोध सुरू झाली आहे. ती बसून महिनाभर गाडी नीट चालेपर्यंत पोरगी मागच्या सीटवर बसणार नाही, एवढं मी कबूल करून घेतलंय.

असो. उद्या सोमवार, सकाळी रिलीज आहे. रोलबॅकचा प्लॅन तयार ठेवलाय.