कोरी जागा

बी.कॉम.ला आम्हांला 'जमा' आणि 'नावे' अशा दोन बाजू शिकवल्या. बँकेत मात्र माझी अर्धी हयात गेली ती ग्राहकांच्या खऱ्याखुऱ्या नावांशी झटापट करण्यात. मध्यंतरी साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येक ग्राहकाला वाढदिवसाचं पत्र गेलं पाहिजे. मी मजकूर एकदाच टाइप केला, नावाची जागा कोरी ठेवली आणि ती भरायला कॉम्प्युटरला दहा ओळींची आज्ञावली लिहून दिली. स्त्री असेल तर 'श्रीमती', नसेल तर 'श्री.'; वय साठाच्या वर असेल तर 'आदरणीय', नाहीतर 'प्रिय'. पाचशे पत्रं चहा गार व्हायच्या आत तयार!

"काय ही विज्ञानाची किमया!" साहेब म्हणाले.

आता साहेबांना कोण सांगणार, की ही किमया साडेपाचशे वर्षांहून जुनी आहे! जर्मनीतल्या माइन्त्स गावी गुटेनबर्ग बायबल छापायच्या खटपटीत होता, त्याच सुमारास, १४५४-५५ साली, तिथे चर्चची पापक्षमापत्रं छापली गेली. तुर्कांपासून सायप्रस बेट राखायला पैसा हवा होता. देणगी जमा, पाप वजा! मजकूर सगळा छापील, फक्त भाविकाचं नाव आणि दिवस यांपुरती जागा कोरी. ती कुणी लेखनिक बोरूने भरून द्यायचा. तो आमचा आद्य कारकून! त्यांतल्या एका पत्रावर २२ ऑक्टोबर १४५४ ही तारीख आहे. साल छापील, पण दिवस नि महिना हाताने लिहिलेला. म्हणजे इतिहासाला तो दिवस सापडला तो कोऱ्या जागेत.

पुढे १९६४ साली आय.बी.एम.ने चुंबकीय टेपवरचा टाइपरायटर काढला. त्याच्या दोन टेपांच्या नमुन्यात एक टेप पत्राची, दुसरी नावांची. लेखनिकाचा बोरू तिथेच सुटला. आपण तरी काय वेगळे? 'स.न.वि.वि.' हा आपला घरगुती छापील मजकूरच की!

पत्रं गेली. आठवड्याने एक काकू काउंटरवर आल्या. हातात आमचं पत्र. 'आदरणीय' म्हणून ज्यांना दीर्घायुष्य चिंतिलं होतं, ते त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीच वारले होते. माझ्या आज्ञावलीत एक ओळ राहून गेली होती : हयात असेल तर.

मी उठून उभा राहिलो. "काकू, चुकलं आमचं."

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलेलं फार दिवसांनी पाहिलं. पुढच्या वर्षी येईल का?"

ती ओळ मी त्याच दिवशी घातली. पुढच्या वर्षी यंत्राने त्यांना बरोब्बर वगळलं. मग मीच एक कोरा कागद घेतला, काकूंच्या नावाने 'स.न.वि.वि.' लिहिलं आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो.

पाचशे पत्रांना एवढा वेळ लागला नव्हता.