यंत्राचें विस्मरण

(रेडिओवरील भाषण)

वर्ध्याला लागून असलेलें नालवाडी हें आमचें गांव. १९३२ सालीं विनोबाजी येथें राहावयास आले, त्यामुळें गांवाचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. त्या काळीं येथील आश्रमांत टकळ्या फिरत. आज गांवांत ज्याच्या त्याच्या हातांत मोबाईल आहे. माझ्याही हातांत आहे, आणि त्यानेंच मला आजच्या विषयाकडे आणून सोडलें.

गेल्या वर्षीं नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी मोबाईलवर भरीत होतों. नांव, जन्मतारीख, शाळा, बँकेचा खातेक्रमांक अशीं वीस-बावीस घरें भरलीं. शेवटीं ओटीपीची मागणी झाली. तो आंकडा संदेशांत आला होता. म्हणून संदेश उघडला, आंकडा ध्यानांत ठेवला आणि परत आलों, तों अर्ज कोरा! पुन्हा भरला, पुन्हा कोरा. तिसऱ्यांदां तेंच झालें तेव्हां मला निराळीच भीति वाटूं लागली. साठी उलटलेल्या माणसाला आपल्या स्मरणशक्तीचा पुरता भरंवसा उरलेला नसतो. आपण अर्ज भरला असा नुसता भास तर झाला नाहीं ना, असें मनांत आलें. आणि तें घरांत कोणाला सांगण्याचीही लाज वाटली. दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या नव्या मोबाईलवर तोच अर्ज पहिल्याच खेपेस पार पडला. विसरला होता तो मी नव्हे; विसरलें होतें तें माझें यंत्र.

यंत्र विसरतें कसें आणि कां, याचा शोध घेतां घेतां एक लहानसा इतिहासच हातीं लागला. तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. तेव्हां मला साजेल असाच दृष्टांत घेतों. वर्गांत एक फळा असतो आणि एक कपाट असतें. कपाट मोठें, त्यांत पुस्तकें वर्षानुवर्षें राहतात. फळा लहान; पण चालू धडा मांडावयाचा तो फळ्यावरच. मोबाईलांतही असेंच आहे. छायाचित्रें, गाणीं आणि ॲप्स ज्यांत सांठवून ठेवतात तें स्टोरेज हें कपाट. आणि चालू काम जिच्यावर मांडलें जातें ती रॅम नांवाची स्मृति हा फळा. दुकानदार "४ जीबी, ६४ जीबी" असे दोन आंकडे सांगतो, त्यांतला पहिला फळ्याचा, दुसरा कपाटाचा. कपाटांत जागा रिकामी असली म्हणून फळा मोठा होत नाहीं. आणि वीज तुटली कीं फळा कोरा होतो, कपाट मात्र भरलेलें राहतें.

आपल्या महाराष्ट्रांत असा फळा प्रथम केवढा होता? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत श्री. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं एक संगणक स्वतः घडविला. १९५६ सालीं त्याचा लहान नमुना चालूं लागला, १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नांव ठेविलें. त्याची स्मृति फेराइट या चुंबकी द्रव्याच्या बारीक कड्यांची होती. एका कडींत शून्य किंवा एक, एवढेंच मावे. अशा ४० अंकांचा एक शब्द आणि असे २,०४८ शब्द. आजच्या मापानें हे १०,२४० बाइट होतात. म्हणजे रोमन लिपींतील सुमारें दहा हजार अक्षरें, पाठ्यपुस्तकाचीं चार-पांच पानें. तेवढ्या फळ्यावर एका वेळीं एकाच संशोधकाचें गणित मांडलें जाई. ४ जीबी रॅमचा मोबाईल घेतला तर त्याची स्मृति टिफ्रॅकच्या चार लक्ष पटींहून अधिक भरते.

फळा लहान आणि धडा मोठा, ही अडचण जगांत सर्वत्रच होती. तिच्यावरचा पहिला मोठा तोडगा इंग्लंडांत मँचेस्टर येथें निघाला. टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं बांधलेला 'ॲटलास' संगणक डिसेंबर १९६२ मध्यें सुरू झाला. त्यांत कड्यांची जलद स्मृति थोडी होती आणि फिरत्या चुंबकी ड्रमची मंद स्मृति पुष्कळ होती. त्यांनीं मजकुराचीं ५१२ शब्दांचीं सारखीं पानें पाडलीं. जलद स्मृतींत अशीं ३२ पानें मावत. जें पान लागेल तें ड्रमवरून आंत यावयाचें आणि जें लागत नाहीं तें ड्रमवर परत जावयाचें. ही ने-आण यंत्र स्वतःच करी, त्यामुळें गणित मांडणाराला फळा मोठा झाल्यासारखा वाटे.

पण यांतून एक कठीण प्रश्न उभा राहिला. नव्या पानाला जागा करावयाची तर कोणतें जुनें पान बाहेर काढावें? १९६६ सालीं लास्झलो बेलाडी यांनीं या प्रश्नाचा विचार प्रसिद्ध केला. जें पान पुढें सर्वांत उशिरां लागणार असेल तें काढावें, हें उत्तम. परंतु त्याला भविष्य कळलें पाहिजे. तें यंत्राला कळत नाहीं. म्हणून व्यवहारांत मागें पाहूनच अंदाज बांधावा लागतो: ज्याला फार वेळ कोणी हात लावला नाहीं, तें पुढेंही लौकर लागणार नाहीं असें समजावयाचें. पुढें १९६८ सालीं पीटर डेनिंग यांनीं आणखी एका आपत्तीचें स्वरूप विशद केलें. कामें फार आणि जागा फार थोडी अशी स्थिति झाली, तर यंत्राचा सारा वेळ पानें आणण्या-नेण्यांतच जातो आणि काम कोणाचेंच होत नाहीं. एका फळ्यावर चार शिक्षक उभे केले तर सारा तास पुसण्यांतच जावा, तसा हा प्रकार.

मोबाईल आले तेव्हां हाच प्रश्न खिशांत आला. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्यें इतरांनीं रचलेलीं ॲप्स नव्हतीं. तीं २००८ सालीं आलीं, आणि त्यांना पडद्याआड थोडें काम करण्याची मुभा २०१० सालीं मिळाली. ॲन्ड्रॉइडचा पहिला मोबाईल २००८ सालचा. त्याची रॅम १९२ मेगाबाइट. त्यानें पहिल्यापासून अनेक ॲप्स बाळगण्याचें धोरण ठेविलें. तें असें: डोळ्यांपुढें आहे त्याला हात लावावयाचा नाहीं. गाणें वाजत आहे, फोनवर बोलणें चालू आहे, अशा कामांचा मान त्याच्या खालोखाल. फळ्याच्या कोपऱ्यांत चौकट करून आपण "पुसूं नये" असें लिहितों ना, तसाच. बाकीचीं मागें टाकलेलीं ॲप्स बहुधा स्तब्ध बसून असतात, आणि जागा कमी पडली कीं त्यांतून निवडून तीं पुसलीं जातात. अलीकडे वापरलेल्या ॲप्सची जी रांग आपण पाहतों, तीं पुष्कळदां नुसतीं चित्रें असतात. ॲप केव्हांच पुसलेलें असतें. म्हणून ती रांग वारंवार झाडून काढण्यांत फारसा लाभ नाहीं; उलट तेंच ॲप मुळापासून पुन्हा मांडण्यास वेळ आणि वीज दोन्ही अधिक लागतात.

ॲटलासप्रमाणें मोबाईलही पानें कपाटांत सहसा कां ठेवीत नाहीं? कारण मोबाईलच्या कपाटावर पुनःपुन्हा लिहिलें कीं तें झिजतें, आणि तें रॅमपेक्षां पुष्कळ मंद असतें. त्याऐवजीं, जें लगेच लागणार नाहीं तें बारीक अक्षरांत दाबून फळ्याच्याच एका कोपऱ्यांत ठेवण्याची युक्ति ॲन्ड्रॉइडनें स्वीकारली. २०१३ पासून कमी रॅमच्या यंत्रांसाठीं तिचा मुद्दाम पुरस्कार झाला.

आपल्या देशांत या टंचाईची खरी कसोटी विद्यार्थ्यांच्या हातांतच लागली. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लींत 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅबलेट प्रसिद्ध झाला. त्याची रॅम २५६ मेगाबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या सव्वीस हजार पट. तरी ती तोकडी! त्याच्या पडद्यावर ८०० गुणिलें ४८० इतके बिंदु होते. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ४ बाइट धरले तर पडद्याचें एक चित्र साठविण्यास दीडशें टिफ्रॅकांची स्मृति लागते. पुढें पवईच्या आय. आय. टी. नें हें काम अंगावर घेतलें आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें सुधारलेला आकाश बाहेर आला. त्यांत रॅम दुप्पट, ५१२ मेगाबाइट होती. स्वस्त यंत्र करावयाचें तर कोठें काटकसर चालते आणि कोठें चालत नाहीं, याचा हा चांगला धडा आहे.

या सर्व इतिहासांतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. फळा पुसणें हा दोष नाहीं. पुसल्यावांचून यंत्र चालणारच नाहीं. परंतु पुसण्यापूर्वीं ॲपला आपलें अर्धें काम कपाटांत टिपून ठेवण्याची संधि दिलेली असते. जो ती संधि घेत नाहीं, त्याच्या आळसाचा भुर्दंड मोठ्या फळ्याच्या धन्याला कळतही नाहीं. तो पडतो लहान फळ्याच्या धन्यावर. शिष्यवृत्तीची गरज ज्या घराला अधिक, त्याच घरांत बहुधा जुना, थोड्या रॅमचा मोबाईल असतो. त्याचाच अर्ज कोरा व्हावा, आणि वर त्यानें आपल्याच बुद्धीला दोष देत बसावें, हें बरें नव्हे.

आपणांकडून एवढें करावें: लांब अर्ज भरण्यापूर्वीं उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं, आणि ओटीपीसाठीं अर्ज सोडून न जातां पडद्याच्या वरच्या कडेला येणाऱ्या सूचनेंतूनच तो वाचावा. बाकीचें काम अर्ज रचणारांचें आहे. पस्तीस वर्षें फळा पुसण्यापूर्वीं मी वर्गाकडे वळून विचारीत असें, "उतरून घेतलें ना सगळ्यांनीं?" मागच्या बांकावरून एखादा हात वर झाला, तर डस्टर खालीं ठेवून थांबत असें. त्यांनींही तेवढें थांबावें.